जुन्या मोटारसायकलीच्या चाकांतील बेअरिंगांचे रक्षण

रायपूरहून दुर्गकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग खारून नदी ओलांडून दुर्ग जिल्ह्यात शिरतो आणि लगेच कुम्हारी हे गाव लागते. तेथून पुढे चरोदा, भिलाई व दुर्ग अशी वस्ती जवळजवळ सलग आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभारण्यात आला व ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर कामगार आले, त्यांच्या पाठोपाठ कारागीर व दुकानदार आले. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून, म्हणजे १८५४ पूर्वीपासून, छत्तीसगडात मराठी कुटुंबे नांदत होतीच. या सर्व मंडळींचे कामावर जाण्याचे एक मोठे साधन म्हणजे मोटारसायकल. आणि ती पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षांची, वडिलांकडून मुलाकडे आलेली असते.

अशा गाडीच्या इंजिनाची काळजी सर्वजण घेतात. चाकांच्या मध्यभागी दडलेल्या बेअरिंगांची आठवण मात्र चाक घरघरू लागल्यावरच होते. वास्तविक दोन-तीन माणसांचा जीव ज्या चाकांवर धावतो ती चाके या लहानशा कड्यांवरच तोललेली असतात. बेअरिंग पुरते फुटले तर चाक वाकडे डुलू लागते, ब्रेक एकीकडे घासतो, आणि प्रसंगी भर रस्त्यात चाक जागच्या जागी अडकते. मागून मालमोटारी येत असताना असे झाले तर त्याचा परिणाम काय होईल, हे सांगावयास नको.

शास्त्रीय परिभाषेत बेअरिंगला ‘धारवा’ असा चांगला मराठी शब्द आहे. परंतु दुकानात जाऊन धारवा मागणाऱ्यास रिकाम्या हाताने परत यावे लागेल. म्हणून या पुस्तिकेत आम्ही ‘बेअरिंग’ हाच शब्द ठेवला आहे.

बैलगाडीचे चाक ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना या भागाचे प्रयोजन चटकन कळेल. गाडीचा तुंबा लोखंडी आसावर सरळ घासत फिरतो. हे घर्षण कमी व्हावे म्हणून गाडीवान त्यात वंगण घालतो व गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगून ठेवतो. एका पृष्ठभागाने दुसऱ्यावर घासण्याऐवजी दोहोंच्या मध्ये गोल वस्तू ठेवून तिला गडगडू दिले तर लागणारे बल कितीतरी कमी होते. जड लाकूड ओढून नेण्यापेक्षा त्याखाली ओंडके घालून ढकलणे सोपे पडते, ते याच कारणाने. १७९४ साली वेल्समधील फिलिप व्हॉन याने गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. पुढे १८६९ मध्ये पॅरिसच्या झ्यूल स्यूरिरे याने सायकलीसाठी अशी बेअरिंगे तयार केली, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी पॅरिस ते रूआँ ही शर्यत जेम्स मूर याने त्याच बेअरिंगांच्या सायकलीवर जिंकली. तरीही सर्व गोळ्या अगदी एकसारख्या घडविणे अवघड होते. ती अडचण १८८३ मध्ये जर्मनीतील फ्रीड्रिख फिशर याने गोळ्या घासण्याचे यंत्र बनवून दूर केली. आपल्याकडे पुण्याजवळ चिंचवडला १९६० नंतरच्या दशकात बेअरिंगांचा कारखाना निघाला. जयपूरचा त्याच्याही आधीचा आहे.

मोटारसायकलीच्या चाकातील बेअरिंगात एकात एक अशी दोन पोलादी कडी असतात. त्यांच्या समोरासमोरच्या खोबणींत सात किंवा आठ गोळ्या बसविलेल्या असतात, आणि त्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्यांना पत्र्याच्या पिंजऱ्यात अंतराअंतराने धरून ठेवलेले असते. कारागीर या गोळ्यांना छर्रे म्हणतात. बाहेरचे कडे चाकाच्या हबमध्ये घट्ट ठोकलेले असते व चाकाबरोबर फिरते. आतील कडे एक्सलवर बसते व स्थिर राहते. या पोलादात शेकडा सुमारे एक भाग कार्बन व दीड भाग क्रोमियम असतो, आणि पाणी देऊन ते अतिशय कठीण केलेले असते. भिलाईत आगगाडीच्या रुळांसाठी जे पोलाद तयार होते त्याची जात वेगळी. त्याला धक्के सोसायचे असतात, तर याला मुख्यतः आपला आकार सोडायचा नसतो. चांगल्या गोळीच्या गोलाईतील दोष एका मायक्रॉनच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोळीची सफाई केवढी आहे ते समजेल.

आता असे बेअरिंग किती काळ टिकावे? याचे गणित १९४७ साली स्वीडनमधील गुस्ताफ लुंडबर्ग व आर्विड पाल्मग्रेन यांनी मांडले. प्रत्येक बेअरिंगाला एक ठरावीक भारक्षमता असते. तिला प्रत्यक्ष भाराने भागावे व येणाऱ्या संख्येचा घन करावा, म्हणजे शंभरांतील नव्वद बेअरिंगे किती दशलक्ष फेरे पुरे करतील ते निघते. उदाहरणार्थ, ६२०३ या क्रमांकाचे बेअरिंग घेऊ. त्याची भारक्षमता सुमारे साडेनऊ हजार न्यूटन असते. दोन माणसे बसली असता मागच्या चाकावर दोनशे किलोग्रॅम भार आला व तो दोन बेअरिंगांत वाटला गेला, तर प्रत्येकावर सुमारे एक हजार न्यूटन भार पडेल. साडेनऊचा घन आठशे सत्तावन्न. अर्थात आठशे सत्तावन्न दशलक्ष, म्हणजे पंचाऐंशी कोटींहून अधिक फेरे. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे एक मीटर नव्वद सेंटिमीटर पुढे जाते. यावरून बेअरिंगाचे आयुष्य सोळा लाख किलोमीटर येते! पृथ्वीला चाळीस प्रदक्षिणा घालण्याइतके हे अंतर आहे.

कोणी म्हणेल की हे झाले गुळगुळीत रस्त्यावरचे. आमच्या रस्त्यावर खड्डे आहेत, साखळीचा ओढा आहे, कधी तिसरा माणूस आणि तांदळाचे पोतेही असते. आक्षेप योग्य आहे. म्हणून भार कायमचाच दुप्पट धरू. घनाचा नियम असल्यामुळे आयुष्य एक अष्टमांश होईल. तरीही ते दोन लाख किलोमीटर उरते. प्रत्यक्षात मात्र कित्येक गाड्यांची बेअरिंगे वीस-तीस हजार किलोमीटरांत घरघरू लागतात. तेव्हा भाराने झिजून म्हातारे होण्याआधीच त्यांचा घात दुसऱ्या कशाने तरी होतो, हे उघड आहे. या घातकांत मुख्य दोन : पाणी आणि धूळ.

प्रथम धुळीचे पाहू, कारण तिचे काम समजण्यास सोपे आहे. गोळी व खोबण यांच्या मध्ये वंगणाचा जो पापुद्रा राहतो त्याची जाडी एका मायक्रॉनपेक्षाही कमी असते. नदीच्या वाळूतील गारेचा बारीकसा कण पाच-दहा मायक्रॉन जाडीचा भरतो, आणि गार ही बेअरिंगाच्या पोलादाहूनही कठीण असते. असा कण गोळीखाली सापडला की तो चिरडतो खरा, पण त्यापूर्वी खोबणीत एक खळगा पाडतो. पुढील प्रत्येक गोळी त्या खळग्याच्या काठावर आपटते, तेथून पोलादाचा टवका उडतो, आणि तो टवका स्वतःच नवा कण बनून पुढचे काम चालू ठेवतो. महामार्गाच्या कडेची माती, मालमोटारींतून सांडणारी राख व रेती, भाताच्या मळणीनंतर उडणारे भुसकट यांचा कुम्हारीच्या परिसरात तोटा नाही.

पाण्याची गोष्ट अधिक कपटी आहे. पाण्याने गंज चढतो हे सर्वांना ठाऊक असते. परंतु गंज दिसण्याच्या कितीतरी आधी पाणी आपले काम करून गेलेले असते. अमेरिकेतील कँटली याने १९७७ साली वंगणतेलात निरनिराळ्या प्रमाणांत पाणी मिसळून शंक्वाकार बेअरिंगांच्या आयुष्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा हजार भागांत एक भाग पाणी असता जे आयुष्य मिळे, ते हजारांत एक भाग पाणी झाल्यावर सुमारे एक चतुर्थांश उरे. प्रयोग तेलावरचा होता व चाकात ग्रीस असते, तेव्हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु किती थोडे पाणी किती मोठे नुकसान करते याची कल्पना त्यावरून यावी.

आता हे पाणी आत शिरते कसे? बेअरिंगच्या बाहेर रबरी सील असते व त्याचे ओठ फिरत्या भागाला चिकटलेले असतात. रस्त्यावरून उडणारे तुषार ते सहज अडविते. पण समजा, आपण भिलाईहून परत येत आहोत, वाटेत अनेकदा ब्रेक लावले आहेत, आणि ड्रमच्या उष्णतेने हबचे तापमान साठ अंशांवर गेले आहे. गावाकडे वळताच नाल्यावरील रपट्यावरून पाणी वाहत आहे. चाक एक्सलपर्यंत त्या पाण्यात बुडाले की हब झपाट्याने निवतो आणि आतील हवा आकसते. साठ अंशांवरून सत्तावीस अंशांवर येताना तिचे आकारमान जवळजवळ एक दशांशाने घटते. ती पोकळी भरून काढण्यासाठी बाहेरून काहीतरी आत ओढले जाणारच, आणि त्या क्षणी सीलच्या ओठाबाहेर पाण्याखेरीज दुसरे काही नसते. शाळेत तापविलेली बाटली पालथी करून पाण्यात धरण्याचा जो प्रयोग करतात, तोच येथे आपल्या खर्चाने घडतो. म्हणून पाण्यात शिरण्यापूर्वी शक्य तर गाडी पाच-दहा मिनिटे उभी करावी. ते जमण्यासारखे नसेल तर निदान रपट्याच्या तोंडाशी भरधाव येऊन करकचून ब्रेक दाबू नये. पाणी ओलांडल्यावर थोडे अंतर हलका ब्रेक लावीत जावे, म्हणजे ब्रेकच्या पट्ट्या तरी कोरड्या होतील.

रपटा वर्षातून काही दिवसच लागतो. गाडी धुण्याची दुकाने बारमाही आहेत. तेथील यंत्रातून निघणाऱ्या पाण्याच्या धारेचा दाब शंभर वातावरणांइतकाही असू शकतो. चाकाच्या मध्यभागी चिखल बसलेला असतो, म्हणून धुणारा मुलगा नेमकी तेथेच धार धरतो. सीलचा ओठ तुषारांसाठी घडविलेला असतो, असल्या धारेसाठी नव्हे. शिवाय पाण्यात साबण असल्यामुळे ग्रीसही सुटते. आमच्या मते जुन्या गाडीला बादली, फडके व जुना ब्रश याहून अधिक काही लागत नाही. यंत्राने धुवायचीच असेल तर धार एक्सलकडे व पुढच्या हबला जोडलेल्या स्पीडोमीटरच्या तारेकडे धरू नये असे स्पष्ट बजावावे. ही तार जेथे हबमध्ये शिरते ती पाण्याची आवडती वाट आहे, आणि तेथे ग्रीस लावण्याचे बहुधा कोणालाच सुचत नाही.

आणखी एक शत्रू या भाताच्या मुलुखाला विशेष आहे. कापणीनंतर पेंढा रस्त्यावर पसरलेला असतो. त्यावरून गाडी गेली की काड्या, सुतळी, प्लॅस्टिकच्या दोऱ्या एक्सलभोवती गुंडाळल्या जातात व सीलच्या ओठावर घासत राहतात. ओठ एकदा कापला गेला की तो दुरुस्त होत नाही. आठवड्यातून एकदा चाकाच्या दोन्ही बाजूंना वाकून पाहणे व गुंतलेले काढून टाकणे, एवढ्याने हे टळते.

चाक फिरत नसतानाही बेअरिंग बिघडते, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत नव्या मोटारी आगगाडीने दूरवर पाठविल्या जात, आणि एक मैलही न चाललेल्या त्या मोटारींच्या चाकांत गोळ्यांच्या अंतराने खळगे पडलेले आढळत. शोधाअंती असे दिसले की प्रवासातील बारीक कंपनांमुळे गोळी जागच्या जागी थरथरते, तिच्या खालचे वंगण बाजूला सरते, व नवे वंगण येण्यास फेरा पुरा होत नाही. मुंबई–हावडा लोहमार्ग कुम्हारीवरूनच जातो आणि या मार्गाने मोटारसायकली पार्सलात पाठविण्याची रीत सर्वपरिचित आहे. अशा प्रवासातून उतरलेल्या जुन्या गाडीची चाके एकदा तपासून घ्यावीत. तसेच गाडी पावसाळाभर एकाच जागी उभी राहिली तर आत शिरलेले पाणी प्रत्येक गोळीच्या तळाशी साचून तेथेच गंजाचे ठिपके उठतात. दर आठवड्यास चाक थोडे फिरवून ठेवणे हितावह आहे. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की गाडीच्या स्टँडला किंवा मागच्या फोर्कला विजेचे वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावावा. तो दूर चाकावर लावला तर प्रवाह बेअरिंगातून जातो, गोळी व कडे यांच्यामध्ये ठिणग्या पडतात आणि तेथील पोलाद वितळून बारीक खड्डे पडतात.

तपासणीची रीत सोपी आहे. गाडी मुख्य स्टँडवर घेऊन चाक अधांतरी करावे. चाकाचा वरचा व खालचा काठ दोन्ही हातांनी धरून एकदा आपल्याकडे, एकदा पलीकडे हलवावा. खटखट जाणवली तर बेअरिंग ढिले झाले आहे. मग चाक हाताने फिरवून दुसरा हात फोर्कवर ठेवावा. कानाला न लागणारी घरघर तळहाताला कळते. साखळीचा किंवा ब्रेकचा आवाज यात मिसळू नये म्हणून मागच्या चाकाची साखळी उतरविणे उत्तम. शंका उरलीच तर एक्सल काढून आतल्या कड्यात बोट घालून ते सावकाश फिरवावे. चांगले बेअरिंग लोण्यासारखे फिरते; बिघडलेले दाणेदार लागते किंवा ठरावीक जागी अडते. काही गाड्यांत मागच्या चक्राच्या, म्हणजे स्प्रॉकेटच्या, बैठकीत आणखी एक बेअरिंग असते. ते चाकाबाहेर असल्यामुळे बदलायचे राहून जाते, आणि चाकाची दोन नवी बेअरिंगे घालूनही आवाज का जात नाही म्हणून मालक कारागिराशी भांडत बसतो.

बदलण्याची वेळ आली तर क्रमांक नीट वाचावा, कारण त्यात माप दडलेले असते. ६२०३ यातील ६ हा अंक एकेरी ओळीच्या खोल खोबणीचे बेअरिंग दाखवितो, २ हा आकारमालिकेचा, आणि ०३ म्हणजे आतील भोक १७ मिलिमीटरचे. ०० असता भोक १० मिलिमीटरचे, ०१ असता १२, ०२ असता १५. आणि ०४ पासून पुढे त्या अंकाला पाचाने गुणावे. क्रमांकापुढे ‘झेड झेड’ असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे आहेत, ‘टू आर एस’ असेल तर रबरी सीले. पुष्कळ जुन्या गाड्यांत मुळात उघडी बेअरिंगे व बाहेर नमद्याची चकती असे. नमदा धूळ अडवितो, पण पाणी शोषून धरून ठेवतो. त्याच मापाचे रबरी सीलचे बेअरिंग आज सहज मिळते व जुन्या गाडीला तेच घालावे. काही जाणते कारागीर त्याचे आतील बाजूचे सील काढून हबमध्ये ग्रीस भरतात. आम्हांस हे पसंत नाही. दोन्ही सीले राहू द्यावीत, आणि बेअरिंग व बाहेरचे ऑइल सील यांच्यामधील फटीत मात्र ग्रीस दाबून भरावे. पाण्याला तो आणखी एक बांध होतो.

ज्यांच्याकडे अजून उघडी बेअरिंगे आहेत त्यांनी ग्रीसची जात पाहिली पाहिजे. ग्रीस म्हणजे तेल धरून ठेवणारा साबणाचा जाळीदार सांगाडा होय. चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या साबणाचे जुने ग्रीस पाण्याला दाद देत नसे, पण साठ-सत्तर अंशांच्या वर पातळ होई. ड्रमजवळ ते टिकणे कठीण. सोडियमच्या साबणाचे उष्णता सोसे, पण पाण्याशी मिसळून दुधासारखे होई. १९४० नंतरच्या दशकात लिथियमच्या साबणाचे ग्रीस आले व त्याने दोन्ही गुण पुष्कळ अंशी एकत्र आणले. आज तेच, दोन किंवा तीन क्रमांकाचे, वापरावे. जुने ग्रीस रॉकेलने धुऊन, वाळवून मगच नवे भरावे, कारण दोन जातींचे मिश्रण कधी कधी पातळ होऊन वाहते. धुतलेले बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरविण्याचा खेळ तर मुळीच करू नये. कोरड्या गोळ्या खरवडतात आणि कडे फुटून माणूस जखमी होऊ शकतो. बेअरिंग पूर्ण भरावे, हबची पोकळी मात्र निम्म्याहून कमी भरावी. जास्तीचे ग्रीस तापून ब्रेकच्या पट्ट्यांवर जाते, आणि मग बेअरिंग वाचते पण ब्रेक जातो.

बसविताना जे बिघडते ते पुढे कोणत्याही ग्रीसने सुधारत नाही. बाहेरचे कडे हबमध्ये घट्ट बसत असल्यामुळे ठोकायचे ते फक्त बाहेरच्या कड्यावर, आणि सर्व बाजूंनी सारखे. त्या मापाची नळी किंवा जुन्या बेअरिंगाचे बाहेरचे कडे यासाठी वापरावे. आतील कड्यावर घातलेला प्रत्येक घाव गोळ्यांतून जाऊन खोबणीत खळगा पाडतो. याच कारणाने आतून सळईने ठोकून काढलेले बेअरिंग चांगले दिसले तरी पुन्हा घालू नये. हब उकळत्या पाण्याने तापविला तर अॅल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते व बेअरिंग हलक्या ठोक्यांनी बसते. मात्र नंतर हब पूर्ण वाळवावा.

दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते, तिला कारागीर स्पेसर म्हणतात. ती दोन्ही आतल्या कड्यांना एकमेकांपासून नेमक्या अंतरावर धरते. ती विसरली किंवा आखूड पडली तर एक्सलचा नट आवळताच आतली कडी एकमेकांकडे ओढली जातात, गोळ्या खोबणीच्या काठावर चढतात आणि नवे बेअरिंग थोड्याच दिवसांत संपते. म्हणून एका बाजूचे बेअरिंग तळापर्यंत बसवावे, नळी घालावी, आणि दुसरे बेअरिंग नळीला टेकेपर्यंतच ठोकावे.

हबमधील बैठकच झिजून बाहेरचे कडे आत गरगरत असेल, तर कारागीर खिळ्याने टोचे मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून ते घट्ट करतो. हा उपाय काही आठवडेच टिकतो. नव्या गाडीत हब बदलता येतो. ज्या गाडीचे उत्पादन केव्हाच बंद झाले तिला लेथवर बैठक मोठी करून नेमक्या मापाचे बुश घालणे हाच मार्ग उरतो, आणि असे काम करणारे कुशल लेथवाले भिलाईसारख्या औद्योगिक नगरात मिळतात. त्यांच्याकडे जाताना बेअरिंग बरोबर न्यावे. माप नुसते तोंडाने सांगू नये. काम झाल्यावर चारपाचशे किलोमीटर चालवून एक्सलचा नट पुन्हा तपासावा, आणि चाक पुन्हा एकदा वर-खाली धरून हलवून पाहावे.